दप्तराचा पुढचा कप्पा

४ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. वही औषधवाल्याने फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी पित्ताच्या गोळीची जाहिरात आहे, पण कागद बरा आहे, शाई फुटत नाही. ही रोजनिशी कुणीही वाचण्यासाठी नाही. तरी अक्षर नीट काढणार आहे. उद्या कुणी अभ्यासक आलाच, तर बिचाऱ्याचे डोळे जायला नकोत.

संकल्प: उजाडता उठणे. फिरायला जाताना स्केचबुक नेणे. चहा दोनदाच. फोन स्टुडिओत न नेणे. पुस्तकांच्या दुकानात इतर चित्रकारांची पुस्तकं उलटी करून न ठेवणे.

कारण काम आलं आहे. मुलांचं अख्खं पुस्तक, सगळी पानं रंगीत. काही वर्षं मध्ये नुसती वह्यांची कव्हरं केली, त्याबद्दल इथे लिहिणार नाही. शेवटी प्रकाशकाला मीच आठवलो. ही म्हणाली, आधीच्या चित्रकाराने आयत्या वेळी नाही म्हटलं म्हणून फोन आला ना? आमच्या हिला कुठलाही कपडा दाखवा, आधी ठिगळ दिसतं.

५ फेब्रुवारी

गोष्ट आली. लेखिका दातांची डॉक्टर आहे. गोष्ट अशी: एक मुलगी होती. ती नव्या शाळेत गेली. तिथे तिला खूप मित्र मिळाले. तिला फार मजा आली. संपलं.

या बाईंसमोर दिवसभर जो बसतो त्याला तोंड उघडं ठेवून गप्प राहावं लागतं. उलट कुणी बोलत नाही. अशाने माणसाला लिहायची हिंमत येते.

म्हणजे पुस्तक आता चित्रांनीच उभं करायचं. नेहमीचंच. संपादकबाई (वयाने आमच्या लेकीपेक्षा लहान, पण बोलतात हेडमास्तरीण असल्यासारख्या) म्हणाल्या, सर, आधी डमी करा. डमी म्हणजे कोरे कागद दुमडून केलेलं लुटुपुटुचं पुस्तक. पान उलटून बघायचं, कुठलं चित्र कुठे येतंय. नवशिक्यांसाठी ठीक आहे. मला अख्खं पुस्तक डोक्यात दिसतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

पिटुकली आली. म्हणजे नात. दर शनिवारी लेक तिला सकाळी सोडून कामावर जाते. तिच्या लॅबला रक्त तपासायला शनिवारही लागतो. पिटुकली आल्यापासून जाईपर्यंत बडबडत असते. आजचे विषय: माशांना तहान लागते का, आजोबाच्या कानात केस कुणी लावले, आणि जिना खाली जातो की वर. मी प्रत्येक प्रश्नाचं गंभीरपणे उत्तर दिलं. जिन्याचं अजून चालू आहे.

आणि हीच मुलगी शाळेत एक अक्षर बोलत नाही. हजेरीला नुसता हात वर करते. पाणी हवं असलं तर बाटली दाखवते. लेक काळजीने अर्धी झाली आहे. एका समुपदेशक बाईंकडे नेते. त्या सांगतात, खोदून विचारू नका, चारचौघांत तिचा विषय काढू नका, तिचं तिला बोलू द्या. एवढं सांगायला पदवी लागते!

माझ्याशी बोलते की नाही? ज्याला मुलांचं मन कळतं त्याच्याशी मुलं बोलतात. आयुष्यभर दुसरं केलं काय मी?

१२ फेब्रुवारी

उठायला उशीर. लवकर उठायचं आहे या काळजीने झोपच लागली नाही. फिरायला गेलो नाही, कारण स्केचबुक सापडलं नाही. सापडलं तेव्हा ऊन झालं होतं.

स्टुडिओची तक्रार नोंदवून ठेवतो. बाल्कनीला काचा लावल्या, तो माझा स्टुडिओ. प्रकाश उत्तरेचा, जरासा पश्चिमेकडे झुकलेला. पण कपडे धुवायचं मशीनही तिथेच. ते कपडे पिळायला लागलं की माझं टेबल थरथरतं आणि रेषा हलते. हिला सांगितलं, माझं काम चालू असताना मशीन लावत जाऊ नकोस. ही म्हणाली, काम कधी चालू असतं ते सांगून ठेवा, म्हणजे मलाही कळेल. विनोद कुठे करावा याचंही वळण लागतं माणसाला.

२० फेब्रुवारी

कच्ची चित्रं पाठवली. सगळी कालच केली. मशीन चालू होतं, चादरी होत्या.

संपादकबाईंचा लगेच फोन. रेषेतली थरथर त्यांना फार आवडली. म्हणाल्या, सर, किती मोकळी रेषा आहे, तुमचं असं काम आधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, पुष्कळ साधनेनंतर हात सैल सुटतो.

मग म्हणाल्या, एक बोलू का? तुमच्या वर्गातली सगळी मुलं एकाच चेहऱ्याची आहेत. मुलगे, मुली, शिक्षिकासुद्धा. खिडकीतली मांजरही. आणि तो चेहरा ठुमकीचा आहे.

असणारच. ठुमकीवर माझी सहा पुस्तकं झाली. ठुमकी म्हणजे आमची लेक, पाच वर्षांची असतानाची. तिला समोर स्टुलावर बसवून काढायचो. लोक अजून ठुमकीला विसरले नाहीत. गेल्याच वर्षी एका वाचनालयातल्या बाईंनी मला फोन करून विचारलं. रद्दीत काढू का, असं विचारत होत्या, पण नाव बरोबर लक्षात होतं.

असो. नवा चेहरा हवा तर नवा चेहरा. तो दर शनिवारी आपल्या पायांनी घरी येतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लेकीला दारातच सांगितलं, पिटुकलीला पुस्तकात घेतोय. वाटलं होतं, खूश होईल. ती चप्पल घालता घालता थांबली. म्हणाली, बाबा, तिला पुस्तकात घालायचं नाही. मी विचारलं, का? म्हणाली, का ते तुम्हाला खरंच माहीत नाही? मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, मला दहावी होईपर्यंत सगळे ठुमकी म्हणत होते. मी म्हटलं, अगं, किती मुलींच्या नशिबात असतं हे?

मग तिने चौथ्या पुस्तकाचा विषय काढला. ‘ठुमकीची ओली गादी’. म्हणाली, माझ्या अख्ख्या शाळेने वाचलं होतं ते. वाचलं होतंच! शाळेच्या वाचनालयाने गठ्ठ्याने प्रती घेतल्या होत्या. मुलांच्या मनातली लाज घालवणारं पुस्तक, असं तेव्हा छापून आलं होतं. जगभरच्या मुलांची लाज गेली आणि माझ्या पोटच्या पोरीची तेवढी राहिली, याला मी काय करणार?

तरी वाद वाढवला नाही. शब्द दिला: पिटुकलीचा चेहरा काढणार नाही. लेक माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, चेहरा नाही बाबा, तीच नको. मी म्हटलं, तेच ते.

२ मार्च

आज अपमान झाला. सविस्तर लिहितो.

पुस्तकातलं सगळ्यात मोठं चित्र, समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं. शाळेचं फाटक आणि समोर मधोमध मुलगी, एकटी. चेहरा नवा. आरशात बघून काढला, माझं लहानपण आठवून. संपादकबाई म्हणाल्या, सर, मुलगी बरोबर मध्यावर आली आहे. पुस्तक शिवल्यावर घडी तिच्या नाकावर येणार. नाक शिवणीत जाईल आणि एक डोळा या पानावर, एक त्या पानावर राहील. डमी केली होती का?

मी म्हटलं, घडी मुद्दाम घेतली आहे. नव्या शाळेत जाणारं मूल आतून दुभंगलेलं असतं. त्या नुसतं ‘हं’ म्हणाल्या. पटलं असावं. मग म्हणाल्या, शिवाय मजकुराला कुठेच जागा नाही. मी म्हटलं, तो तर या चित्राचा मोठा गुण आहे.

संध्याकाळी चार कागद दुमडून डमी केली. सहज, बघायला म्हणून. नाक गेलंच.

शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, चित्रं छान आहेत सर, पण या मुलीच्या मनात काय चाललंय ते काही कळत नाही. मला! माझ्या चित्रांबद्दल!

७ मार्च, शनिवार

आजचा दिवस मोठा. हात कापतोय, मशीन बंद असून.

पिटुकली माझ्या टेबलाखाली बसून रंगाच्या ट्यूबांची टोपणं लावत होती. मी खोदून विचारलं नाही. फक्त बिस्किट पुढे केलं आणि म्हटलं, शाळेत का गं नाही बोलत? ती म्हणाली, आवाज नसतो ना माझ्याकडे. कुठे असतो? तर म्हणाली, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. फाटक आलं की मी आवाज काढून तिथे ठेवते आणि चेन लावते. शाळेत सगळे इतके मोठ्याने बोलतात, तो हरवेल. तिथे काय करतो तो? झोपतो, रबराच्या शेजारी. शाळा सुटली की परत घेते.

मग माझा कान धरून खाली ओढला आणि कानात म्हणाली, आजोबा, कुणाला सांगायचं नाही हं. आईला पण नाही. फक्त तुला माहितीये. माझ्याकडून गळ्याची शप्पथ घेतली.

 समुपदेशक बाईंना महिनोन्‌महिने जे कळलं नाही ते मला एका बिस्किटात कळलं. अख्खं पुस्तक हातात आलं! लेकीला सांगावं का, असं मनात आलं होतं. पण शप्पथ म्हणजे शप्पथ.

९ मार्च

काढलं.

शाळेच्या फाटकापाशी मुलगी उकिडवी बसली आहे. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ती काहीतरी ठेवते आहे, लिंबाएवढं, पिवळं, डोळे मिटलेलं. आजूबाजूला नुसते मोठ्या मुलांचे पाय. घडी सोडून काढलं. मजकुराला जागा सोडून काढलं. डमी आधी केली. इतक्या वर्षांत असं चित्र माझ्या हातून झालं नव्हतं. फुशारकी म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

चेहरा पिटुकलीचा नाही. चित्रातल्या मुलीचे केस आखूड आहेत, चष्मा आहे. लेकीला दिलेला शब्द पाळला. शप्पथही पाळली. सांगितलं कुठे कुणाला? नुसतं काढलं.

ही येऊन मागे उभी राहिली, बराच वेळ. म्हणाली, फार सुंदर झालंय हो. असं ही सहसा म्हणत नाही. मग विचारलं, कुठून सुचलं? मी म्हटलं, सुचलं. कलावंताला असले प्रश्न विचारू नयेत. तर म्हणाली, दप्तर निळं आहे, आणि चेनला लाल लोकरीचा गोंडा आहे, तो मी पिटुकलीच्या दप्तराला लावलाय तसा. मी म्हटलं, गोंडे जगात ढिगाने आहेत.

उद्या गोंडा हिरवा करायचा.

१८ मार्च

संपादकबाई फोनवर रडल्या. खऱ्याखुऱ्या. हेच चित्र मुखपृष्ठावर घेणार. म्हणाल्या, सर, आता पुस्तक झालं. लेखिकेलाही चित्र पाठवलं आहे, गोष्ट थोडी बदलावी लागेल.

मुलांचं मन ज्याला कळतं त्याला थोडा उशीर होईल, पण मान मिळतो.

गोंडा लालच ठेवला. पिवळ्याशेजारी हिरवा मरतो.

३० मार्च

नवी गोष्ट आली. पहिलंच वाक्य: तिने आपला आवाज दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली. पुढे सगळं माझ्या चित्राप्रमाणे. आणि मुखपृष्ठावर दातांच्या डॉक्टरचं नाव ठळक, मोठं. माझं खाली, ‘चित्रे’ या शब्दाच्या पुढे, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात.

फोन केला. संपादकबाई म्हणाल्या, सर, कल्पना तुमची आहे हे आम्हाला माहीत आहे. आम्हाला म्हणजे कुणाला? त्यांच्या ऑफिसात मिळून चार डोकी, त्यातलं एक हिशेब बघतं.

रात्री जेवलो नाही. निषेध म्हणून. हिने ताट झाकून ठेवलं आणि कोडं सोडवत बसली.

११ एप्रिल, शनिवार

लेक आज दारातून परत फिरली नाही. आत आली, बसली, चहा घेतला. चेहरा उजळला होता. पिटुकली शाळेत बोलली! बाकावरच्या मैत्रिणीला म्हणाली, रबर दे. एवढंच. दोन शब्द. बाईंनी मुद्दाम तिकडे लक्ष दिलं नाही, पण लेकीला फोन करून कळवलं. सांगताना लेकीचे डोळे भरून आले.

मी म्हटलं, माझ्या शनिवारांचा परिणाम. वाटलं, आता काहीतरी खोचक बोलेल. तर म्हणाली, हो बाबा, तुमच्यापाशी ती किती मोकळी असते ते मला दिसतं. बरं वाटतं मला. आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. असा हात तिने याआधी कधी ठेवला होता ते आठवून पाहिलं. नाही आठवलं.

ही माझ्याकडे बघत होती. मी बिस्किटाकडे बघत होतो.

पुस्तकाचं आत्ता सांगणं बरं नव्हे. एवढ्या आनंदात मध्ये कशाला? सरप्राइज देऊ.

१४ मे

सगळी चित्रं गेली. उद्यापासून फिरायला.

१५ मे

पोटरीला गोळा आला. फिरणं पुढच्या पुस्तकाच्या वेळी सुरू करू.

२० जून

पुस्तक छापून आलं. वास छान आहे. मुखपृष्ठ बघून शेजारचे निवृत्त कप्तान दोन मिनिटं काही बोलले नाहीत, नाहीतर त्यांना बंदराच्या गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण वर्तमानपत्रात लेखिकेची मुलाखत! ही कल्पना म्हणे तिला तिच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसलेल्या एका गप्प मुलीवरून सुचली. धडधडीत खोटं! मी तर म्हणतो, त्या खुर्चीत गप्प कोण बसत नाही? संपादकबाईंना फोन केला. म्हणाल्या, सर, वाचकांना असं ऐकायला आवडतं, सोडून द्या. चांगुलपणा दाखवला की लोक डोक्यावर बसतात. सोडणार नाही.

संध्याकाळी एक उत्तम विचार सुचला. पुस्तकाचं पहिलं वाचन पिटुकलीच्याच शाळेत ठेवायचं. शेकडो मुलं आणि आपलं माणूस समोर. संपादकबाईंना कल्पना फार आवडली. हीच शाळा का, ते मी सांगितलं नाही.

२७ जून, शनिवार

ही सकाळी म्हणाली, लेकीला पुस्तकाचं सांगितलंत का? मी म्हटलं, सरप्राइज आहे. म्हणाली, तिला असली सरप्राइजं नको असतात, आजच सांगा, नाहीतर मी सांगते. मी म्हटलं, माझी बातमी मला देऊ दे. लेक आली तेव्हा घाईत होती. संध्याकाळी न्यायला आली तेव्हा थकलेली होती. थकलेल्या माणसाला काय सांगायचं?

हिने विचारलं, सांगितलं? हो म्हणालो. सांगणारच आहे, म्हणजे सांगितल्यासारखंच.

३ जुलै, शुक्रवार

कार्यक्रम झाला. सत्याचा विजय झाला.

शाळेचं सभागृह भरलेलं. मुलं खाली सतरंज्यांवर. पिटुकली तिसऱ्या ओळीत, मांडीवर दप्तर. मला बघून तोंडभर हसली आणि हात हलवला. मुखपृष्ठ पडद्यावर मोठं करून दाखवलं तेव्हा तिचा हात खाली आला. पडद्याकडे एकटक बघत राहिली. भारावली असणार.

दातांच्या डॉक्टरने गोष्ट वाचली. बरी वाचली. मग एका मुलाने विचारलं, तुम्हाला हे कसं सुचलं? आणि डॉक्टरबाईंनी खुर्चीची कथा सुरू केली.

मी उठून माईक घेतला. शांतपणे सांगितलं, मुलांनो, हे कुठल्याही दवाखान्यात सुचलेलं नाही. ही खरी गोष्ट आहे. माझी नात आपला आवाज दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवते. तिने स्वतः मला सांगितलं, फक्त मला. आणि ती आत्ता इथेच आहे. तिसऱ्या ओळीत, निळं दप्तर. उभी राहा बाळा.

सगळी मुलं वळली. टाळ्या. ती उभी राहिली नाही. दप्तर घट्ट धरून खाली बघत राहिली. लाजली. मुलं लाजतात. डॉक्टरबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पिटुकलीकडे बघत होत्या. तिच्या वर्गाच्या बाई उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. कशाला ते कळलं नाही.

मुलांनी माझ्या सह्या घेतल्या. एकाने हातावर घेतली.

४ जुलै, शनिवार

पिटुकली आली नाही. हवा बदलली आहे, ताप आला असेल. ही सकाळी दार लावून लेकीशी फोनवर बोलली.

६ जुलै

लेक आली. एकटी.

मी उत्तरं तयार ठेवली होती. चेहरा तिचा नाही. शप्पथ होती म्हणून तुला सांगता आलं नाही. ते खोटं बोलणाऱ्या बाईमुळे घडलं. एकही वापरावं लागलं नाही, कारण लेक भांडली नाही. उभ्याउभ्याच सांगितलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मुलांनी पिटुकलीचं दप्तर घेतलं. दोघांनी धरलं, एकीने पुढच्या कप्प्याची चेन उघडली. आत रबर होतं, एक क्लिप होती, चॉकलेटचा कागद होता. सगळं जमिनीवर ओतलं. एकाने कप्प्यात तोंड घालून हाका मारल्या, ए आवाज, बाहेर ये. मग ओरडत सुटले, नाहीच आहे, आवाज नाहीच आहे. पिटुकली बघत उभी होती. रडली नाही. आज परत तेच झालं. बाईंनी दटावलं, तर दुसऱ्या वर्गातली मुलं आली बघायला. मैत्रिणीशीही आता बोलत नाही.

मी म्हटलं, शाळेला शिस्त नाही. लेक म्हणाली, मला तिने कधीच सांगितलं नव्हतं बाबा. मी आई आहे तिची. मला नाही, तुम्हाला सांगितलं होतं.

आणि गेली. कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला बोलता येतं.

९ जुलै

संपादकबाईंचा फोन. पुस्तक जोरात चाललंय, दुसरी आवृत्ती काढताहेत. लेखिकेने स्वतःहून सांगितलंय की माझं नाव तिच्या नावाएवढंच छापा. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आभार मानायचे राहिले.

मुलं विसरतात. मुलांचं मन मला कळतं. आठवड्याभरात विसरतील.

१८ जुलै, शनिवार

ही शनिवारी आता लेकीकडे जाते. मी घरी असतो.

चित्र काढायला घेतलं. दप्तरातून आवाज बाहेर उडी मारतो, हत्तीएवढा होतो आणि सगळी मुलं घाबरून पळतात. पिटुकलीला पाठवणार होतो. हिला दाखवलं. ही म्हणाली, अहो, परत तेच? आता तिचं काहीही काढू नका. काहीही. हिचा आवाज चढला नाही. मी कागद ओला होता तसाच फाडला.

१ ऑगस्ट, शनिवार

पिटुकली आली! लेकीच्या घरी पाहुणे येणार होते, दुसरी सोय नव्हती. लेकीने हिच्याशी दारात हळू आवाजात काहीतरी ठरवलं. मला नमस्कार केल्यासारखी मान हलवली.

मी बिस्किटं आणून ठेवली होती. तिचा आवडता विषय काढला. म्हटलं, काय गं, जिना खाली जातो की वर? तिने खांदे उडवले. म्हटलं, माशांना तहान लागते का, ते मी शोधून काढलंय, सांगू? मान हलवली, नको. बिस्किट घेतलं नाही. टेबलाखाली आली नाही. सोफ्यावर आजीच्या शालीत पाय घेऊन बसली. मी जरा जवळ सरकलो तर शाल हनुवटीपर्यंत ओढली.

घसा बसला असेल. हिला तसं म्हटलं. ही म्हणाली, घसा ठीक आहे तिचा.

८ ऑगस्ट, शनिवार

पिटुकली आजही आली, आजीकडे. दुपारी स्टुडिओत बसलो होतो. स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. पिटुकलीचं. भरभर, मध्येच हसत. आजीला काहीतरी विचारत होती, कोळ्याला स्वतःच्या जाळ्यात अडकायला होत नाही का, असं. आजीने उत्तर दिलं ते तिला पटलं नाही, तर पुन्हा विचारलं.

उठलो. मला ते उत्तर येत होतं. आत गेलो.

ती अर्ध्या शब्दावर थांबली. तोंड मिटलं आणि ताटलीकडे बघायला लागली.  मी पेला भरून पाणी प्यायलो. तहान नव्हती. पेला विसळून ठेवला, बाहेर आलो, दार लोटून घेतलं.

बराच वेळ आत काही नव्हतं. मग सुरू झालं, आधी अगदी हळू.

मी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलो. पाय दुखायला लागले तसा खाली बसलो. शाळेत त्या दिवशी पिटुकली ओरडली असती, मला नावं ठेवली असती, तर मी काहीतरी म्हटलं असतं. तिला माझ्याजवळ काही सांगायचंच नाही. आणि दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं, असं आज कुणी सापडत नाही. फार वाईट वाटतंय.

मध्ये ही दार उघडून बाहेर आली, मला खाली बसलेलं पाहिलं आणि दार तसंच ओढून परत आत गेली.

पुढच्या शनिवारपासून दिवसभर बाहेर राहायचं ठरवलं आहे. म्हणजे तिला सगळ्या घरात बोलता येईल.